नाशिकहून देवगडच्या किनाऱ्यावर: आजी, दोन मुलं आणि तंबूतल्या तीन रात्री

रानजाई

नमस्कार मंडळी. मागे दिवाळीत मी इथेच विचारलं होतं, की लहान मुलं आणि वयस्कर माणूस बरोबर असताना समुद्रकिनारी तंबूत राहणं जमेल का. तेव्हा बऱ्याच जणांनी वेळ काढून लिहिलं. आम्ही जाऊन आलो. जे पाहिलं ते पुढच्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा धागा.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सासूबाई (वय ६८), सहावीतली लेक आणि पहिलीतला मुलगा. २०२४ च्या डिसेंबरातल्या २८, २९ आणि ३० या तीन रात्री.

हे डोक्यात घातलं लेकीने. भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. गोदावरी आपल्या त्र्यंबकला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, तरी ती पूर्वेला तोंड करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. "म्हणजे आपल्या नदीचं पाणी इकडच्या समुद्राला भेटतच नाही?" सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आपण नेऊ." दुसऱ्या दिवशी रामकुंडावर जाऊन त्यांनी तांब्याचा छोटा गडू भरून आणला.

त्याआधी गच्चीवर एक रात्र तालीम केली. इथली थंडी अंगात मुरलेली असल्याने जाड झोपण्याच्या पिशव्या घेतल्या होत्या. कोकणात त्यांचा काही उपयोग झाला नाही. तिकडे डिसेंबरातही रात्री एक चादर पुरते, पण पहाटे दव इतकं पडतं की तंबूचं कापड पिळून काढावं लागतं. सासूबाईंसाठी घडीची खाट नेली हे मात्र फार बरं झालं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठवणं हाच तंबूतला सगळ्यात अवघड भाग असतो.

रस्ता: नाशिक, पुणे, कोल्हापूर. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट उतरलो आणि देवगडकडे वळलो. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर. एका दिवसात मुलांना घेऊन करू नका. घाट उतरल्यावर माती लाल झाली तेव्हा धाकटा काचेला नाक लावून बसला तो थेट समुद्र दिसेपर्यंत.

जागा कुणकेश्वर ते आचरा या पट्ट्यातली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कातळाचा डोंगर, मध्ये लांबलचक पुळण, मागे सुरूचं बन आणि त्याच्या मागे आठ-दहा घरं. हॉटेल नाही, दुकान नाही, फोनला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. ओळखीतून गावात आधी फोन केला होता. सरपंच आणि पोलीस पाटील दोघांना कळवलं, ओळखपत्रांच्या प्रती दिल्या. किनाऱ्यावर परकं माणूस रात्री दिसलं तर गावाला विचारपूस करावी लागते, आणि ती केलीच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. २८ तारखेला चारच्या सुमाराला पोचलो. सपाट, पांढरी, कोरडी वाळू बघून तिथेच तंबू लावला. सकाळच्या भरतीची ओली रेघ वीसेक पावलं खाली होती, म्हणजे आमच्या हिशेबाने आम्ही सुरक्षित. मुलांनी किल्ला सुरू केला. तेवढ्यात मागच्या घरातल्या मावशी झावळ्यांचा भारा घेऊन येत होत्या, त्या थांबल्या.

"तंबू हयसर कोणी लावूक सांगल्यान?"

आम्ही रेघ दाखवली. त्यांनी भारा खाली ठेवला आणि पायाच्या अंगठ्याने आमच्या तंबूच्या मागची वाळू दाखवली. सुरूच्या वाळक्या काड्या, एक फुटका शिंपला, दोरीचा तुकडा, हे सगळं एका ओळीत पडलेलं होतं. आम्ही ते ओलांडूनच सामान आणलं होतं आणि कोणालाही दिसलं नव्हतं.

"ह्यो पातेरो बघा. काल रातचो. आज पाणी हेच्यापेक्षा वर येतला. वर घेवा."

आम्ही सगळं उचलून सुरूच्या बनामागे, त्यांच्या अंगणाच्या कडेला नेलं. धाकट्याने पहिल्या जागी एक काठी रोवून ठेवली. जेवणं झाल्यावर नऊच्या पुढे आम्ही चटई टाकून बसलो आणि बघत राहिलो. मला वाटलं होतं लाट आदळत येईल. तसं काही नाही. पाणी पातळ चादर ओढावी तसं आवाज न करता वर सरकत होतं, मागे जाताना फक्त वाळू बारीक चुरचुरायची. साडेनऊला किल्ला गेला. थोड्या वेळाने विजेरीच्या उजेडात काठी हलली, तिरपी झाली आणि आडवी पडून वाहून गेली. त्याच जागी आमची मुलं झोपणार होती. नवरा उठून मावशींच्या दारात गेला आणि त्यांच्या पाया पडून आला.

बाकीचं हळूहळू लिहिते. विचारा काय हवं ते.


सिडकोवाला

मस्त लिहिलंय ताई. गावाचं नाव सांगा ना, आम्ही पण जाऊ म्हणतो मित्रमंडळी.


रानजाई

दादा, नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. निघताना मावशींच्या मुलाने हात जोडून सांगितलं होतं, की ओळखीने या, कधीही या, पण नाव पसरवू नका. शेजारच्या एका किनाऱ्यावर नाव झालं आणि शनिवारी रात्री गाड्या थेट वाळूवर यायला लागल्या. बाटल्या फुटल्या, त्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या पायात गेल्या. मी शब्द दिलाय. पट्टा सांगितला आहे, तिकडच्या कुठल्याही गावात आधी फोन करून विचारा. माणसं नाही म्हणत नाहीत.


नांगर

ताई, त्या मावशींना जे डोळ्यांनी दिसलं त्यामागचं गणित सांगतो. नोकरी सगळी जहाजांवर झाली, आता इंदिरानगरला असतो.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचे पाऊण करायचे. येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दिवसा तेच आणि रात्री तेच. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज सगळं पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं. तुमची २८ तारखेची रात्र त्रयोदशी संपून चतुर्दशी लागण्याची, म्हणजे पावणेदहा ते साडेदहा. देवगड-मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून किल्ला साडेनऊला गेला. हिशेब ढोबळ आहे, भरतीच्या तक्त्याला पर्याय नाही. पण पंचांग घरात असतंच, आणि रेंज नसताना हेच कामाला येतं.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. तुम्ही नेमके उधाणाच्या दिवसांत गेलात.

आता जी गोष्ट भल्याभल्यांना फसवते ती. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाचं उधाण मोठं असतं. जून-जुलैत मुंबईला दुपारच्या भरतीचे इशारे येतात ते त्यामुळेच. हिवाळ्यात उलट, रात्रीचं उधाण दिवसाच्यापेक्षा मोठं. सूर्य-चंद्र विषुववृत्तापासून जितके दूर, तितका हा फरक जास्त. डिसेंबरात दिवसा पाहिलेल्या ओल्या रेघेवर विसंबून तंबू लावला, तर रात्री पाणी त्या रेघेच्या वर येणारच. तुमची चूक ही नव्हे की तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही दिवसाची रेघ पाहिलीत आणि मावशींनी रात्रीची.

मुंबईला उधाणात ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी चार मीटरच्या वर चढतं, देवगडकडे जवळपास निम्मं. पण सपाट पुळणीवर उभं वीतभर पाणी वाढलं तरी आडवं वीस पावलं आत येतं. कातळावर बसणाऱ्यांनी तर जास्त जपावं. ओहोटीला चालत गेलेली वाट भरतीला पाठीमागून बंद होते.

आणखी एक. पाऊस संपला म्हणजे समुद्र शांत झाला असं ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरू नका. २००९ साली फयान वादळ नोव्हेंबरात आलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघायचा. बोटी बाहेर जात नसतील तर आपणही जायचं नाही.


रानजाई

नांगरकाका, तुमचा हिशेब घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई लगेच कालनिर्णय घेऊन आल्या आणि त्या तीन रात्रींच्या तिथी काढून पडताळा घेतला. २९ ला सव्वादहाच्या पुढे आणि ३० ला अकराच्या सुमाराला पाणी सगळ्यात वर होतं, ते मी वहीत लिहिलेलं आहे. जुळतंय.


मिठबावची लेक

रानजाईताई, तुम्ही माझ्या माहेराच्या शेजारी राहून आलात. लग्न होऊन पंचवटीत आले त्याला अठरा वर्षं झाली, पण "पातेरो" वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. नाव लिहिलं नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार मानते.

जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगते, रागावू नका.

माडाखाली तंबू लावायचा नाही. फोटोत छान दिसतो म्हणून शहरातली माणसं हमखास तिथेच लावतात. भरलेला नारळ सोलण्याआधी दीड-दोन किलोचा असतो आणि तीस-चाळीस फुटांवरून पडतो. वाळलेली झावळ तर वारा नसतानाही सुटते. आमच्याकडे लहान मुलांना माडाखाली खेळूच देत नाहीत. सुरूच्या मागे, उघड्यावर, घराच्या हाकेच्या अंतरावर राहायचं.

खाडीच्या तोंडाशी पोहायचं नाही. पाणी तिथे संथ आणि हिरवं दिसतं म्हणून मुलं तिकडेच पळतात. ओहोटी लागली की अख्खी खाडी त्या अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होते आणि गुडघाभर पाण्यातला मोठा माणूसही उभा राहत नाही. भर समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर हात मारत ओढीच्या बाहेर यायचं आणि मग वळायचं.

पिण्याचं पाणी विचारून घ्यायचं. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. फार उपसा झाला की खालचं खारं वर येतं, आणि मग ती विहीर त्या घराच्या उपयोगाची राहत नाही. पाच माणसांनी बादलीने अंघोळी करायच्या असतील तर आधी घरमालकिणीला विचारा कुठल्या विहिरीचं घ्यायचं ते.

आणि वाळूवर पसरलेली जाळी ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. ते कोणाचं तरी वर्षाचं पोट असतं.

ताई, रापण बघायला मिळाली का?


रानजाई

मिळाली, आणि नुसती बघितली नाही. २९ च्या सकाळी सहाला मावशींनीच हाक मारली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल मारून येते. जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. मग दोन्ही दोऱ्यांवर माणसं लागतात आणि तासदीड तास ओढत राहतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि जाळं मिटत येतं. आमच्या किनाऱ्यावर म्हातारे, बायका, शाळेतली पोरं असे तीसेक जण होते. आम्हालाही दोरीला लावून घेतलं.

त्या दोरीबद्दल सांगायचंय. ती खारट पाण्याने जड आणि खरखरीत असते, दहा मिनिटांत तळहात लाल होतात. माझ्या पुढे एक आजोबा होते. ते हाताने ओढतच नव्हते. दोरी कमरेमागून घेऊन पाठ टेकवायचे आणि एकेक पाऊल उलटं मागे टाकायचे. मी तसं केलं आणि हात सुटले. धाकटा माझ्या मागे लोंबकळत होता, त्यालाही कोणी बाजूला केलं नाही.

शेवटी जाळं आलं तेव्हा वाळूवर तारल्या आणि बांगडे तडफडत होते, सूर्य नुकताच माडांच्या वर आलेला, सगळं चांदीसारखं चमकत होतं. वाटे पडले. आणि त्या लोकांनी आमचाही वाटा काढला! नवरा नको नको म्हणत होता तर आजोबा म्हणाले, "दोरयेक हात लायलास, वाटो घेवकच होयो." सासूबाई माळकरी, त्या मासे खात नाहीत. त्यांनी तो वाटा दोन्ही हातांनी घेतला आणि मावशींच्या चुलीपाशी नेऊन दिला. त्या दिवशी आम्हाला बांगड्याचं तिखलं आणि सासूबाईंना उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी. अशी पेज घरी अजून जमलेली नाही.

त्याच आजोबांनी सांगितलं की पूर्वी एका ओढीत होडी भरायची. आता खोल पाण्यात मोठ्या यांत्रिक बोटी आधीच मासा उचलतात आणि किनाऱ्यापर्यंत येतो तो उरलेला. तीस माणसांनी दीड तास ओढल्यावर वाट्याला एकेक लहान टोपली आली. हे डोळ्यांनी पाहिल्यावर बाजारात माशाची घासाघीस करणं मला जमणार नाही.


कॉलेजरोडवासी

वाचून जावंसं वाटतंय, पण भीती सापांची. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिकडे फुरसे फार असतात म्हणतात ते खरं का? दवाखाना किती लांब?


जखमपट्टी

खरं आहे. मी डॉक्टर आहे. सध्या नाशिकला असलो तरी सुरुवातीची काही वर्षं कोकणातल्या सरकारी आरोग्य केंद्रात काढली.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात फुरशाचं प्रमाण जास्त आहे. साप लहान, मातीच्या रंगाचा, कातळावरच्या सैल दगडांखाली आणि पालापाचोळ्यात राहतो आणि रात्री हिंडतो. दंश बहुतेक वेळा पायाला किंवा हाताला होतो, कारण माणूस अंधारात अनवाणी चालतो किंवा चुलीसाठी दगड उचलतो. म्हणून उपाय साधे आहेत. अंधार पडल्यावर बूट आणि विजेरी. दगड हाताने उलटायचा नाही. तंबूची चेन सतत बंद. सकाळी चपला-बूट झटकून घालायचे, त्यात विंचूही असू शकतो. मोकळ्या वाळूपेक्षा कातळ आणि गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेला धोका जास्त.

दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता माणसाला उचलून न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, साप मारून आणायची गरज नसते. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. लक्षणं सावकाश दिसली तरी वाट बघत बसायचं नाही. लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात मुलांचा जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर हे मृत्यू खूप कमी झाले. दोन्हींवर इलाज आहे, वेळेत पोचायला हवं एवढंच.

म्हणून चार वर्षांच्या मुलीला घेऊन जाताना माझी एकच अट असेल. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन करून लस शिल्लक आहे का विचारायचं, आणि रात्री तिथपर्यंत गाडी किती वेळात पोचते ते पोचल्या दिवशीच स्वतः जाऊन बघायचं. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब हे न बघता गेलं होतं. मूल वाचलं, पण रात्री दोन ठिकाणी फिरावं लागलं. ती रात्र त्या आईबापांच्या मनातून जात नाही.

आणि उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) पुरून बसलेली असते, पायाच्या चाहुलीने निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.


रानजाई

डॉक्टर, हे जाण्याआधी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. रुग्णालय कुठे आहे ते आम्ही विचारलं होतं, लसीचं विचारलं नव्हतं.


कासवमाग

मला इथे थोडं कडू बोलायचं आहे. रानजाई, तुमच्या लिखाणाबद्दल तक्रार नाही. पण नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ, आणि नेमका तोच तंबूवाल्यांचा हंगाम.

मादी रात्री भरतीच्या रेघेच्या वर येते, वाळूत हातभर खोल खड्डा करते आणि शंभर ते दीडशे अंडी घालून परत जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालू लागतात. शेकडो वर्षं ती उजळ बाजू समुद्राचीच होती. आता तंबूचा दिवा, शेकोटी आणि गाडीचे दिवे असतात. मादीसुद्धा उजेड आणि हालचाल दिसली तर अंडी न घालताच मागे फिरते. गाडी वाळूवर नेली तर खालचं घरटं दबतं आणि वर काही दिसतही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२ च्या, या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून वेळासला जे काम उभं केलं, त्यानंतर गावोगाव लोक रात्री किनारा फिरून घरटी वाचवायला लागले. ते जागत असतात आणि आपण तिथे गाणी लावून बसतो, हे मला सहन होत नाही. माझं म्हणणं आहे, या चार-पाच महिन्यांत वाळूवर तंबू नकोच.


रानजाई

कासवमाग, तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते, आणि एक गोष्ट लिहायची टाळत होते ती लिहितेच.

३० ला पहाटे लेक मला हलवून म्हणाली, "आई, वाळूवर ट्रॅक्टर गेलाय." पाण्यातून वर आलेला आणि पुन्हा पाण्यात गेलेला, दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारख्या खुणा असलेला पट्टा. आमच्या तंबूपासून चाळीस पावलांवर. गावातला कासवमित्र आला. पातळ काठीने वाळू चाचपत बसला, एका जागी काठी सहज आत गेली, तिथे त्याने पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात घातला. पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी अंडी. एकेक अंडं काढताना ते तो फिरवत नव्हता, जसं होतं त्याच बाजूने टोपलीत ठेवत होता. शंभरच्या वर होती. ती सगळी कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात नेऊन ठेवली. मुलं तासभर एक शब्द बोलली नाहीत.

मग त्याने शांतपणे विचारलं, "काल रात्री तुमचा दिवा किती वाजेपर्यंत होता?" अकरापर्यंत होता. त्याने पुढे काही म्हटलं नाही. मादी आणखी थोड्या अलीकडून वर आली असती तर काय झालं असतं, हे माझ्या मनातून जात नाही. शेवटच्या रात्री आम्ही एकही दिवा लावला नाही. तंबू बनाच्या मागे होता म्हणून थोडक्यात निभावलं, समोर असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या काळात जाणाऱ्यांनी वाळूवर नाही तर मागे, घराच्या आवारातच उतरावं. मालकाला पैसे द्यावेत. समुद्र तिथूनही तेवढाच ऐकू येतो.

दिवा नसल्याचा एक लाभ सांगते. अमावास्येची ती रात्र. संध्याकाळी शुक्र पश्चिमेला इतका तेजस्वी होता की पाण्यावर त्याची वाट पडली होती. डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, पूर्वेला मृग आणि व्याध. उशिरा भरतीच्या कडेला धाकट्याने ओल्या वाळूत पाय आपटला आणि टाचेभोवती निळ्या ठिणग्या पसरल्या. समुद्रात अतिशय बारीक जीव असतात, नॉक्टिलुका त्यांचं नाव, पाणी हललं की ते चमकतात. हे वाचलेलं होतं. पण मुलाने ओंजळ भरून वर धरली आणि बोटांच्या फटींतून निळं गळत होतं, ते वाचून कळणारं नाही.


सिडकोवाला

ताई, नाव मागितलं होतं ते मागे घेतो. आम्ही सहा जण आहोत, वाडीत कोणाच्या आवारात सोय होईल का तेवढं व्यक्तिगत निरोपात विचारतो. तंबू वाळूत टिकतो कसा ते सांगाल?


रानजाई

विचारा दादा, मी मावशींच्या मुलाला आधी विचारून सांगते. वाळूत खुंट्या उपटतात. कापडी पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी दीड हात खोल आडवी पुरायची. ती हलत नाही. तंबूचं दार समुद्राकडे नको, दुपारी खारा वारा आत भरतो. स्टोव्हला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लागतो. नाशिकहून चिवडा, बेदाणे, भडंग भरपूर न्या, गावातल्या मुलांनाही वाटता येतात. कचरा सगळा परत आणा, डायपरसुद्धा. आणि घरी आल्यावर चेन, कड्या, स्टोव्ह गोड्या पाण्याने धुवा. आमची एक चेन पंधरा दिवसांत गंजून बसली.


नाशिकरोड

गाडी चालवायची नसेल त्यांनी मंगला एक्सप्रेस बघावी. नाशिकरोडहून बसून थेट कोकण रेल्वेवर रत्नागिरीला उतरता येतं, पुढे एसटी.


त्र्यंबककर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. पण ताई, त्या गडूचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.


रानजाई

खरंच की, राहूनच गेलं.

३० तारखेला सोमवती अमावास्या होती. सकाळी भरतीच्या वेळेला सासूबाई अनवाणी पाण्यात उतरल्या. उजव्या हाताला लेक, डाव्याला धाकटा. घोट्याएवढ्या पाण्यात थांबून त्यांनी गडू लेकीच्या हातात दिला. तिने तो एकदम न ओतता धार धरून हळूहळू ओतला. धार पाण्याला लागली तिथे क्षणभर एक गुळगुळीत डाग दिसला, मग लाट आली आणि पायांखालची वाळू सरकली. सासूबाईंनी नमस्कार केला. लेकीला वाटलं आता गडूत समुद्राचं पाणी भरून रामकुंडात नेऊन घालावं. त्या म्हणाल्या, "नको बाळा, नदीत खारं घालू नये." मग गडूत शिंपले भरून आणले. ते आमच्या देवघराशेजारी आहेत.


त्र्यंबककर

वा. लेकीला एक सांगा. इकडच्याच डोंगरांत वैतरणाही उगम पावते, आणि ती पश्चिमेला जाऊन अरबी समुद्रालाच मिळते. पाऊस एकाच डोंगररांगेवर पडतो, पण माथ्याच्या कुठल्या बाजूला पडला त्यावर तो कुठल्या समुद्राला जाणार ते ठरतं.


रानजाई

वाचून दाखवलं. ती नकाशा काढून बसली आहे, आणि येत्या रविवारी त्र्यंबकला जाऊन कुठला ओढा कुठे वळतो ते स्वतः बघायचं म्हणते आहे. सासूबाईंनी डबा काय करायचा ते आत्ताच विचारलंय.